युगान्त कादंबऱ्या आणि इव्हँजेलिकल राजकीय दृष्टी

बायबलमधील भविष्यवचने आजच्या जगात अक्षरशः घडत आहेत असे कल्पून लिहिलेल्या कादंबऱ्यांना युगान्त कादंबऱ्या म्हणता येईल. अमेरिकेतील इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचा अधिकार व व्यक्तिगत श्रद्धापरिवर्तन यांवर भर देणाऱ्या, प्रॉटेस्टंट समाजात त्यांचा मोठा वाचकवर्ग आहे. त्यांच्या मुळाशी असलेली शिकवण एकोणिसाव्या शतकात धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांनी मांडली आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफिल्ड बायबलमधील टीपांतून ती घरोघर पोहोचली : खरे विश्वासणारे अचानक वर उचलले जातील, मागे राहिलेल्यांवर सात वर्षे घोर संकट येईल, ख्रिस्तविरोधक राज्य करील आणि त्यानंतर ख्रिस्त परत येईल. ज्यूंचे आपल्या भूमीत परतणे ही या शिकवणीत युगान्ताची खूण मानली जाते; म्हणून १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर आणि १९६७ मध्ये संपूर्ण जेरुसलेम त्याच्या ताब्यात आल्यावर अनेकांना या घटनाक्रमाची सुरुवात झाल्यासारखे वाटले.

टिम लाहाय व जेरी जेन्किन्स यांची ‘लेफ्ट बिहाइंड’ ही सोळा कादंबऱ्यांची मालिका (१९९५–२००७) या प्रकारात सर्वाधिक गाजली. तिच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. उडत्या विमानातून प्रवासी नाहीसे होतात आणि आसनांवर नुसते कपडे उरतात, या प्रसंगासाठी ती ओळखली जाते, परंतु तिचे राजकारण खलनायकाच्या चित्रणात आहे. निकोलाय कार्पाथिया हा रुमानियाचा मधुरभाषी नेता संयुक्त राष्ट्रांचा महासचिव होतो, निःशस्त्रीकरण घडवून आणतो, इस्राएलशी सात वर्षांचा करार करतो आणि सत्तेचे केंद्र इराकमधील नव्या बाबेलला (बॅबिलोनला) हलवतो. शांतता, शस्त्रकपात, राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्य या एरवी आशेने पाहिल्या जाणाऱ्या गोष्टी येथे फसवणुकीच्या खुणा ठरतात, आणि अशी कथा खंडामागून खंड वाचणाऱ्याला बातमीतील शांतता करारही त्याच नजरेने पाहण्याची सवय लागू शकते.

तरीही वाचक वाचले तसेच मानतो, असे समजणे चूक ठरेल. एमी जॉन्सन फ्रायकहोम यांनी वाचकांशी बोलून केलेल्या अभ्यासात (२००४) हे वाचन कुटुंब व मंडळी (चर्च) यांच्या नात्यांत गुंतलेले आणि अर्थाच्या दृष्टीने बरेच भिन्न असल्याचे दिसले. इस्राएलच्या पाठिंब्यासाठी २००६ साली आताच्या स्वरूपात संघटना उभारणारे अमेरिकी पाद्री जॉन हेगी हेही युगान्तापेक्षा, ‘तुला आशीर्वाद देणाऱ्यांना मी आशीर्वाद देईन’ या देवाने अब्राहामाला (ज्यूंच्या मूळ पुरुषाला) दिलेल्या वचनाचा आधार उघडपणे घेतात. २०१८ मध्ये जेरुसलेम येथे अमेरिकी दूतावास उघडला तेव्हा समारोपाची प्रार्थना त्यांनीच केली.

या कथांची गंभीर उणीव म्हणजे त्या भूमीतील पॅलेस्टिनी ख्रिस्ती माणूस त्यांत जवळजवळ दिसतच नाही. बेथलेहेम बायबल कॉलेज २०१० पासून भरवीत असलेल्या परिषदांमध्ये मात्र हेच ख्रिस्ती, तेच बायबल हाती घेऊन, इस्राएली लष्करी चौक्यांखालील आपल्या जगण्याविषयी इव्हँजेलिकल पाहुण्यांशी बोलत आले आहेत.