पांबेले आणि 1976 चा तो निकाल

कोलंबियाच्या मुष्टियुद्धाचा विषय निघाला की गाडी आंतोनियो सेर्वांतेस ऊर्फ ‘किड पांबेले’वरच येऊन थांबते. देशाचा पहिला व्यावसायिक जगज्जेता. जन्म 1945 चा, कार्ताहेनाजवळच्या सान बासिलियो दे पालेंकेचा. गुलामगिरीतून पळालेल्या आफ्रिकी माणसांनी वसवलेलं हे गाव. पोरवयात बूट पॉलिश कर, चोरट्या मार्गाने आलेली सिगारेट विक, असे उद्योग करून मग तो रिंगमध्ये आला.

जगज्जेतेपदाची पहिली संधी 1971 च्या डिसेंबरात ब्युनोस आयर्समध्ये मिळाली आणि हुकली. समोर तेव्हाचा जगज्जेता, अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे होता. त्याच्या स्पॅनिश टोपणनावाचं शब्दशः मराठी केलं तर ‘अस्पृश्य’ होईल, आणि आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. ‘हाती न लागणारा’ म्हणू. हात खाली सोडून उभा राहायचा आणि ठोसे हवेत जायचे. पांबेले गुणांवर हरला. पुढच्या वर्षी 28 ऑक्टोबरला पनामा सिटीत त्याने, किताब तोवर ज्याच्याकडे गेला होता त्या तिथल्याच बॉक्सरला, दहाव्या फेरीत झोपवलं आणि पट्टा घरी नेला. 1973 च्या मार्चमध्ये लोचेचाही हिशेब चुकता झाला. या वेळी लोचेला लढत अर्ध्यावर सोडावी लागली.

वजनगट 140 पौंडांचा, म्हणजे साधारण 63.5 किलो. याला कुणी ज्युनिअर वेल्टर म्हणतं, कुणी लाइट वेल्टर, कुणी सुपर लाइट. जुनी कात्रणं चाळताना हे तीन वेगळे किताब वाटतात, पण गट एकच.

दहा वेळा किताब राखल्यावर 6 मार्च 1976 ला पोर्तो रिकोतल्या सान हुआनची लढत आली. पांबेले तिशीचा. समोर तिथलाच विल्फ्रेद बेनितेस, वय 17, अजून शाळेत जाणारा. वर्गमित्र प्रेक्षकांत बसलेले. पोरगा दोरांना पाठ लावून नुसतं डोकं हलवायचा आणि पांबेलेचा लांब डावा हात कानाजवळून निघून जायचा. पंधरा फेऱ्या झाल्या. पंचांच्या दोन गुणपत्रिका पोराच्या बाजूने, एक पांबेलेच्या.

इतक्या कमी वयात जगज्जेता दुसरा कुणी झालेला नाही, त्यामुळे ही लढत आजही ‘बालविक्रम’ म्हणूनच सांगितली जाते. ती तिसरी गुणपत्रिका कुणाला आठवत नाही. माझ्या मते ती आठवायला हवी. निकाल चोरीचा होता असं मी म्हणत नाही. पोरगा खरोखरच चांगला खेळला. पण जो ठोसे चुकवत खेळतो त्याचं कौतुक करायचं, की जो पुढे येऊन मारत राहतो त्याला गुण द्यायचे, हा वाद त्या रात्री 2 विरुद्ध 1 असाच सुटला.

खरा गुंता त्यानंतरचा. फेरलढत झाली नाही, म्हणून किताब देणाऱ्या संघटनेने बेनितेसची मान्यता काढून घेतली. न्यूयॉर्कमध्ये मात्र त्याला विजेता मानणं चालूच राहिलं. जून 1977 मध्ये व्हेनेझुएलातल्या माराकाइबोत पांबेलेने अर्जेंटिनाच्या एका बॉक्सरला सहाव्या फेरीत थांबवून रिकामा पट्टा पुन्हा मिळवला. मग त्याला ‘परत मिळवला’ म्हणायचं की ‘परत दिला गेला’? कोलंबियात पहिलं म्हणतात, पोर्तो रिकोत दुसरं. मी पहिल्याच्या बाजूचा, कारण त्यानंतरही त्याने तो सहा वेळा राखला.

2 ऑगस्ट 1980 ला सिनसिनाटीत ते संपलं. पहिल्या फेरीत त्याने एरन प्रायरला खाली पाडलं, चौथ्या फेरीत स्वतः पडला. दारू, अमली पदार्थ, हातचा पैसा जाणं, मग उपचार या पुढच्या गोष्टींवर कोलंबियन वर्तमानपत्रांनी त्याच्या ठोशांपेक्षा जास्त शाई खर्च केली आहे. 1998 मध्ये अमेरिकेतल्या कॅनास्टोटाच्या मुष्टियुद्ध ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचं नाव लागलं. राष्ट्राध्यक्षांनी काय हवं विचारल्यावर त्याने गावासाठी वीज मागितली, अशी गोष्ट पालेंकेत सांगतात. त्याच गावाने पुढे आणखी दोन जगज्जेते दिले, दोघे सख्खे भाऊ.

बेनितेस आणि पांबेले मात्र रिंगमध्ये पुन्हा कधी समोरासमोर आले नाहीत.