मराठी चालते तिथे इंग्रजी का धावते?

सुतार कपाटाचं माप घेतो आणि ‘रनिंग फुटाला इतके पडतील’ म्हणून सांगतो. त्यात कोणीच धावत नसतं. ठेकेदाराचं ‘रनिंग बिल’, म्हणजे काम चालू असतानाच दिलेलं बिल, तर बहुतेकदा महिनोन्‌महिने जागचं हलत नाही. हा ‘रन’ इंग्रजीत इतका पसरला कसा?

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’च्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती, त्याच्या अर्थछटा 430 च्या घरात होत्या. कोशाची नव्यानं उजळणी सुरू झाली, आणि 2011 च्या सुमारास पहिला नंबर ‘रन’कडे गेला. नुसत्या क्रियापदाचे अर्थ भरले 645. पीटर गिलिव्हर या संपादकाचे या एका शब्दापायी नऊ महिने गेले.

याचं मूळ बरंच जुनं आहे. जर्मनमधलं ‘रिनेन’ हे ‘रन’चं भावंड, आणि त्याचा अर्थ वाहणं, पाझरणं. म्हणून इंग्रजीत नदी ‘रन’ होते, नाकही होतं. आपण दोन्हींना वाहणंच म्हणतो. त्यांच्याकडे पायांचं धावणं आणि पाण्याचं वाहणं पहिल्यापासून एकाच शब्दात नांदतं.

माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. प्राचीन इंग्रजीत स्वतः धावण्याचं क्रियापद वेगळं होतं आणि दुसऱ्याला धावायला लावण्याचं, म्हणजे घोडा दौडवण्याचं, वेगळं. मध्ययुगात दोन्ही एकमेकांत मिसळून गेली. आपण चालणे आणि चालवणे यांत मधला ‘व’ सांभाळून ठेवला आहे: दुकान चालतं, मालक ते चालवतो. इंग्रजीत दुकानही ‘रन’ होतं आणि मालकही ते ‘रन’ करतो. अशा शब्दाला कर्ता-कर्माचं बंधन फारसं उरलं नाही. मग औद्योगिक क्रांतीत यंत्रं आली, रेल्वे आली, पुढे संगणकाचे प्रोग्रॅम आले. सगळ्यांना हाच शब्द चिकटला. क्रिकेटमध्ये मात्र आधी दुसराच शब्द रुळलेला होता. अठराव्या शतकात काठीवर खाचा पाडून धावसंख्या मोजत, त्यामुळे धावेला ‘नॉच’ म्हणजे खाचच म्हणत.

मराठीत हे सगळं ओझं ‘चालणे’ वाहतं. घड्याळ चालतं, खटला चालतो, खोटं नाणं चालत नाही, आणि ‘चहा चालेल का?’ला उत्तर ‘चालेल’. धावण्यात आपल्याला निकड दिसते. देव भक्तासाठी धावून येतो, शेजारी अडीअडचणीला धावतात, पाहुणे धावती भेट देऊन जातात.

तरी ‘धाव’ हे नाम आपल्याकडेही बरंच फिरलं आहे. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. ती तापवून लाल करायची, चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं, की आकसून घट्ट बसते. मोटेच्या विहिरीपासून निघणारी उतरती वाट, तीही धावच. मोट भरली की बैल त्या उतारावरून खाली जात आणि नाडा, म्हणजे मोटेचा दोर, ओढला जाऊन पाणी वर येई. धाव म्हणायची खरी, पण बैल तिच्यावरून चालतच जायचे.