डीएसएलआर बदलताय? आधी मेमरी कार्ड घेऊन या

'आता पुढचा कॅमेरा दाखवा' म्हणत कोणी आमच्या दुकानात आलं की आम्ही बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) काढत नाही, कार्ड मागतो. चांगले फोटो आम्हाला नकोत, फसलेले हवेत. म्हणून दोन-तीन महिने फसलेले फोटो पुसू नका. ते कशाने फसले, त्यावर पुढचा खर्च ठरतो.

सगळ्यात जास्त फोटो फसतात ते अंधारात. मंगल कार्यालयातले हललेले चेहरे, विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर काढलेले दाणेदार फोटो. बहुतेक वेळा यात बॉडीचा दोष नसतो. सोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स ५५ ला नेली की ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं) एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. ५० एमएम एफ १.८ ही साधी लेन्स त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते, आणि नव्या बॉडीच्या मानाने ती खूपच स्वस्त पडते. तुमच्या क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर मात्र ती ७५-८० एमएमसारखी, म्हणजे जास्त जवळून दिसते. नवरीच्या चेहऱ्यासाठी उत्तम, पण वन बीएचकेमध्ये घरच्या सगळ्यांचा फोटो काढायचा तर तुम्हाला बाल्कनीत उभं राहावं लागेल. निकॉन डी३५०० वाल्यांनी एएफ-एस प्रकारची ५० घ्यावी, तिच्यात फोकसची मोटर लेन्समध्येच असते. जुन्या एएफ-डी लेन्सला बॉडीतली मोटर लागते आणि ती डी३५०० मध्ये नाही.

लेन्स बदलून भागत नाही ते भिगवणला पक्षी टिपताना. पक्षी उडाला आणि फोकस मागच्या पाण्यावर गेला, तर तिथे बॉडीच कमी पडते. कॅनन १५००डीला ९ फोकस पॉइंट आणि सेकंदाला ३ फोटो. ९०डीला ४५ आणि १०. निकॉनमध्ये डी३५०० चे ११ आणि ५, तर डी७५०० चे ५१ आणि ८. शिवाय ९०डी आणि डी७५०० ला दोन डायल मिळतात, त्यामुळे डोळा न काढता शटर आणि ॲपर्चर दोन्ही फिरवता येतात. हा फरक जाहिरातीत ठळक नसतो, हाताला मात्र पहिल्याच दिवशी कळतो. मेगापिक्सेलवर जाऊ नका: डी३५०० चे २४.२ आहेत आणि तिच्याहून बऱ्याच महाग डी७५०० चे २०.९!

फुल फ्रेमचं आकर्षण आम्हालाही आहे. ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर क्षेत्रफळाने तुमच्या सेन्सरच्या दुपटीहून मोठा, अंधारात तो एखादा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाशाइतका फायदा) जास्त देतो. पण आधी लेन्सवरची खूण बघा. कॅननच्या लेन्सवर पांढरा चौकोन असेल तर ती ईएफ-एस. ५डी किंवा ६डी या फुल फ्रेम बॉडींवर ती बसतच नाही. निकॉनची डीएक्स (क्रॉप सेन्सरसाठीची) लेन्स फुल फ्रेम डी७५० वर बसते, पण सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. म्हणजे बॉडीपाठोपाठ लेन्सचाही खर्च आला. पक्षीवाल्यांची ३०० एमएमची लेन्स, जी क्रॉपवर ४५० सारखी दिसत होती, ती परत ३०० होते. वजनही धरा: बॅटरी-कार्डासह डी३५०० ४१५ ग्रॅम, डी७५० ८४० ग्रॅम. वारीत दिवसभर गळ्यात अडकवून बघा.

लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांना आमचं एकच सांगणं: दोन कार्डांची बॉडी घ्या. डी७२०० ला दोन स्लॉट होते, तिच्यानंतर आलेल्या डी७५०० ला एकच आहे. सप्तपदी दुसऱ्यांदा होत नाही.

२०२० नंतर कॅनन किंवा निकॉनने नवं डीएसएलआर मॉडेल आणलेलं नाही. दोघांचं लक्ष मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर आहे. म्हणून आजच्या घडीला वरच्या श्रेणीची डीएसएलआर बहुधा वापरलेली घ्यावी, असं आमचं मत. पैसे वाचतात ते लेन्समध्ये घाला. पुढे मिररलेसवर गेलात तर कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स ॲडॉप्टरने चालतात. निकॉनच्या एफटीझेड ॲडॉप्टरवर एएफ-एस लेन्स फोकस करतात, एएफ-डी हाताने फिरवाव्या लागतात.

वापरलेली बॉडी घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले ते विचारा. डी७५० आणि ५डी मार्क ३ च्या शटरची चाचणी कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत केलेली आहे. एका लग्नात दोन हजार क्लिक धरले तर ७५ लग्नांत हिशेब पूर्ण. म्हणून 'घरगुती वापर' या शब्दावर विसंबू नका. निकॉनचा आकडा फोटोच्या फाइलमधून वाचता येतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलना केबल लावून बघावा लागतो, तो आम्ही तुमच्यासमोर काढून दाखवतो. लेन्समधून टॉर्च मारून फंगस (काचेवरची बुरशी) ही बघा. कोकणातून आलेली लेन्स असेल तर दोनदा.

एक्सचेंजसाठी येताना बॉडी, सगळ्या लेन्स, चार्जर आणि असेल तर बिल आणा. आणि बॅटरी चार्ज करून आणा. कॅमेरा सुरूच झाला नाही तर आम्ही भाव सांगू शकत नाही, आणि मग चहा पिऊन परत जावं लागतं.