लंडनच्या जुळ्या लॉकची पाणीबचत

मध्यंतरी एक रील फिरत होतं, कालव्यातली बोट आपोआप वर चढते, कॅप्शन 'ना पंप ना इंधन, चमत्कार बघा', आणि कमेंटमध्ये हात जोडलेल्या इमोजींचा पूर. अहो कसला चमत्कार, वरच्या कालव्यातलं पाणी लॉकमध्ये (कालव्याच्या दोन पातळ्यांमधला, दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद) सोडलं आणि बोट त्याच्यासोबत वर आली, बस. आणि हे फुकट नाही, लॉक भरलं-रिकामं झालं की तेवढं पाणी खाली गेलंच.

लंडनच्या रीजंट्स कॅनॉलवर (1820 ला पूर्ण झाला, 12 लॉक, एकूण उतार सुमारे 26 मीटर) एका लॉकला अंदाजे अडीच लाख लिटर लागतात, म्हणून तिथे लॉक जोडीजोडीने बांधली, मधल्या भिंतीतून झडपेची वाट ठेवून.

आता बघा. डावं लॉक भरलेलं, त्यात उतरणारी बोट. उजवं रिकामं, त्यात चढणारी. मधली झडप उघडली की पाणी डावीकडून उजवीकडे धावतं आणि दोन्ही बरोबर निम्म्यावर थांबतात. झडप बंद, डाव्यातलं उरलेलं खाली सोडा, उजव्याला बाकीचं वरून द्या. दोन बोटी पार, खर्च अर्धं लॉक! लॉकशेजारी त्याच क्षेत्रफळाचं, पुढच्या खेपेसाठी पाणी राखणारं नुसतं टाकं बांधलं असतं तर बचत एक तृतीयांशच झाली असती, कारण टाक्यात उरलेलं पाणी पुढच्या खेपेला आडवं येतं (कागदावर पातळ्या मांडून बघा, एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश यांच्यातच टाक्यातली पातळी खालीवर होत राहते). फक्त धीर हवा, पातळीतला फरक चौथाईवर आला की पाण्याचा वेग निम्मा होतो, त्यामुळे शेवटचे काही इंच जीव खातात.

जुळ्या लॉकआधी याच कालव्यावर कॅमडनला विल्यम काँग्रीव्हने, म्हणजे म्हैसूरच्या अग्निबाणांवरून ब्रिटिश रॉकेटं बनवणाऱ्यानेच, दाबलेल्या हवेवर वरखाली होणाऱ्या, बोट वाहून नेणाऱ्या दोन टाक्यांची लिफ्ट बसवली होती. पाणी जवळपास शून्य लागणार म्हणे! ती धड चालली नाही आणि तिथेही साधी जुळी लॉकच आली. झिरो खर्चाच्या स्टार्टअप आजच निघतात असं नाही.

एवढं करूनही पाणी कमी पडलंच, 1835 च्या सुमारास ब्रेंट नदीवर धरण बांधावं लागलं. पुढे मालवाहतूक संपली, 1970 च्या दशकात बहुतेक जोड्यांतल्या एकेका लॉकचा सांडवा केला, कॅमडनच्या हॅम्पस्टेड रोडची जोडी तेवढी दोन्ही बाजूंनी चालू आहे.