हिरडीखालचं कीटण आणि हत्याराची धार

दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, त्यांत फटी पडतात, हे पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. फटी आधीपासूनच असतात, कीटणाने बुजलेल्या. ते निघालं, हिरडीची सूज ओसरली की त्या दिसतात, एवढंच. मात्र हत्यार चुकीचं आणि वर बोथट असेल, तर इजा होते हेही खरं.

बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात असो की गल्लीतल्या दवाखान्यात, सुरुवात मोजमापाने होते. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये अलगद सरकवतात. जोर जेमतेम 20-25 ग्रॅमचा. खोली 3 मिलिमीटरपर्यंत असली तर सहसा काळजी नाही. 4 किंवा जास्त भरली आणि रक्तही आलं, तर कीटण खाली उतरल्याची शंका घ्यायची.

हिरडीच्या वरचं कीटण काढायला सिकल स्केलर, म्हणजे कोयत्यासारखं वळलेलं खरवडायचं हत्यार. याचं पातं टोकदार, दोन्ही कडा धारेच्या. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिथे जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं असल्यामुळे कीटण लवकर साचतं, तिथे ते छान चालतं. पण तेच हिरडीखाली खोल घातलं तर टोक मांस फाडतं. तिथे क्युरेट लागतं: टोक गोल, पाठही गोल.

क्युरेटमध्ये खरी गंमत ग्रेसीची. क्लेटन ग्रेसी या अमेरिकन दंतवैद्याने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक जागेसाठी वेगळी मान, म्हणजे मूठ आणि पातं यांच्यामधला भाग, वळवलेला संच बनवला. पातं मानेशी सुमारे 70 अंशांत कललेलं, म्हणून दोनपैकी एकच कड कापते. दुसरी हिरडीच्या बाजूला निरुपद्रवी राहते. 1/2 क्रमांक पुढच्या दातांना, 11/12 दाढेच्या पुढच्या अंगाला, 13/14 मागच्या अंगाला. क्रमांक चुकला की पातं दाताला नीट टेकतच नाही, मग हात वाकडा करून जोर लावायची पाळी येते.

जोराचा प्रश्न मुळात धारेचा. बोथट सुरीने इसवण मासा कापायला बसा, तुकडे होण्याऐवजी मांसाचा चेंदा होतो. बोथट क्युरेट तर कीटण उखडतच नाही, वरून घासून गुळगुळीत करतं. असा चोपडा झालेला थर बोटाला दातासारखाच लागतो आणि तसाच मागे राहतो. म्हणून धार लावायची ती पात्याचा मूळ कोन, 70 ते 80 अंश, राखून. झाली की नाही हे प्लॅस्टिकच्या कांडीवर टेकवून पाहतात. धार असली की पातं रुततं, नसली की घसरतं.

कार्बन स्टीलची धार जास्त टिकते, पण ते गंजतं. आपल्याकडे जून लागला की कपाटातले कपडेसुद्धा कुबट होतात, तिथे हत्यार ओलं असतानाच निर्जंतुक करायच्या पाकिटात घातलं तर काय होणार? बहुतेकजण स्टेनलेसच घेतात, माझ्या मते शहाणपणाने.

मूठ जाड, हलकी हवी. साधारण 10 मिलिमीटर जाडीची, 15 ग्रॅमच्या आतली मूठ असली की चिमटीत कमी ताण येतो. दिवसभर हेच काम करणाऱ्यांची मनगटं दुखणं ही या पेशातली जुनीच तक्रार.

कंपनांनी कीटण उडवणारं अल्ट्रासॉनिक यंत्र आल्यावर हे सगळं कशाला, असं कुणीही विचारेल. यंत्र भरभर काम करतं, जाड थराला तेच बरं. पण हिरडीखालच्या फटीत डोळा पोहोचत नाही. तिथे खरखर उरली का, हे शेवटी एक्स्प्लोरर नावाच्या बारीक, टोकदार सळईच्या टोकातून बोटांनाच कळतं.