पाटील कोणते, हे यंत्राला कसं कळावं?

मिरजेला दवाखान्यांचं गाव म्हणतात ते उगाच नव्हे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आजही पार कर्नाटकातून रुग्ण येतात. आता केसपेपर संगणकावर निघतो, जुनी नोंद त्याच रुग्णाशी जुळवावी लागते, आणि घोळ तिथंच सुरू होतो.

सांगली जिल्ह्यात पाटील किती, ते विचारू नका. त्यात एकाच घरातला एक भाऊ कागदावर पवार, दुसरा पोवार. इंग्रजी स्पेलिंगचा तर मेळच नाही. सारख्या उच्चाराची नावं जुळवायची साउंडेक्स नावाची एक युक्ती अमेरिकेत १९१८ मध्ये पेटंट झाली: नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना उच्चाराच्या गटानुसार आकडे द्यायचे. तिच्या हिशेबात पवार आणि पोवार दोघेही पी-६००. झकास! पण आपले पाटील आणि गुजरातचे पटेल, तेही दोघे पी-३४०.

बायकांच्या नोंदींचं याहून अवघड. पहिलं बाळंतपण माहेरी. तिथल्या रजिस्टरात कधी माहेरचं नाव, पुढची तपासणी सासरच्या नावानं. गरोदरपणात वाढलेला बीपी नंतर उतरला की राहिला, हे शोधणाऱ्याला एकीच्या जागी दोघी दिसतात आणि दोघींचीही माहिती अर्धी.

असली कोडी सोडवायला नुसता डॉक्टर पुरत नाही, नुसता इंजिनिअरही नाही. अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन १९७२ पासून अशी माणसं घडवण्यासाठी विद्यापीठांना पैसा पुरवते आहे. मेडिकल इन्फर्मेटिक्स म्हणतात या विषयाला. यात डॉक्टरनं संख्याशास्त्र आणि डेटाबेस शिकायचा, इंजिनिअरनं निदान कसं होतं ते. माझ्या मते यातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण म्हणजे नोंदीवर संशय घेणं. ‘शुगर १३५’ एवढंच लिहिलंय. उपाशीपोटी असेल तर ती मधुमेहाच्या १२६ च्या रेषेपुढं गेली. जेवणानंतर दोन तासांनी असेल तर घाबरायचं कारण नाही. म्हणून तर लॉइंक या तपासण्यांच्या जागतिक यादीत उपाशीपोटीच्या शुगरला १५५८-६ असा वेगळा क्रमांक दिलेला आहे.

आपल्याकडचा १४ आकडी आभा क्रमांक, म्हणजे ज्याची त्याची सरकारी आरोग्य-ओळख, पुढच्या नोंदी जोडेल. कपाटातल्या जुन्या कागदांवर तो कुठून येणार? सांगलीच्या विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मधे सिटी बसचा रस्ता. दोघांनी मिळून असा अभ्यासक्रम काढलाच, तर पहिली सहामाही एआयला देऊ नये. आधी पोरांना हजारभर जुने केसपेपर हातानं जुळवायला लावावेत.