बिळात राहणारा टॅरंटुला दिसेनासा झाल्यास काय करावे: टेरॅरियमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून जिवंत झाडांचे टेरॅरियम (काचेची पेटी) नेऊन त्यात बिळात राहणारा टॅरंटुला ठेवणाऱ्या ग्राहकांचा काही आठवड्यांनी हमखास फोन येतो आणि प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: कोळी दिसत नाही, बिळाचे तोंडही बुजलेले आहे, आत मेला तर नसेल? हा फोन करण्यात संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही. आमची अडचण त्यापुढच्या वाक्याने सुरू होते, ते म्हणजे ‘म्हणून थोडी माती उकरून पाहिली’. हे पत्रक मुख्यतः त्या ‘थोड्या’ उकरण्याविषयी आहे.

म्यानमार व थायलंडमधील कोबाल्ट ब्लू किंवा आपल्याकडील किलोब्रॅकिस यांसारखे कोळी आयुष्याचा बहुतेक काळ जमिनीखाली काढतात. बिळाला आतून रेशमाचे अस्तर लावायचे, रात्री तोंडाशी येऊन सावजाची वाट पाहायची आणि दिवसा तळाशी जाऊन बसायचे, असा त्यांचा क्रम असतो. त्यामुळे दिवसा कोळी न दिसणे हेच सर्व ठीक असल्याचे लक्षण समजावे. नवी जागा अंगवळणी पडेपर्यंत, पोट भरल्यावर, हवा फार कोरडी झाल्यावर आणि विशेषतः कात टाकण्यापूर्वी तो माती व रेशीम यांनी तोंड बंद करून घेतो. पूर्ण वाढलेली मादी साधारणपणे वर्षातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा कात टाकते आणि त्याआधी काही आठवडे, प्रसंगी काही महिने, अन्नाला शिवत नाही. कात टाकताना कोळी बहुधा पाठीवर उताणा पडलेला असतो, त्याला पळता येत नाही. नंतरही कातडी मऊ असते आणि विषदंत पांढरे व लुसलुशीत असतात. नेमक्या अशा वेळी चमच्याने माती उकरली, तर जो कोळी जिवंत आहे की नाही हे पाहायचे असते, तो त्या पाहण्यानेच जातो.

खात्री करून घेण्याचे सोपे मार्ग आहेत. कोळी खणतो तेव्हा मातीच्या गोळ्या बाहेर आणून टाकतो आणि त्यासाठी त्याची आवडती जागा म्हणजे पाण्याची बशी. आज स्वच्छ केलेली बशी दोन दिवसांनी मातीने भरलेली दिसली, किंवा तिच्यात सावजाच्या अवशेषांचा काळपट गोळा पडलेला दिसला, तर कोळी जिवंत व कामात आहे. तोंडाशी ताजे, चमकदार रेशीम दिसणे हीदेखील तशीच खूण. शिवाय आम्ही बिळाची सुरुवात मुद्दाम काचेला लागून करून देतो आणि त्या बाजूला बाहेरून काळा कागद लावतो. रात्री दिवे मालवून, मंद लाल उजेडात तो कागद अलगद उचलला, तर पुष्कळदा कोळ्याचे पाय किंवा टाकलेली कात काचेमागे दिसते. कागद कायमचा काढून टाकल्यास मात्र कोळी ती बाजू रेशमाने व मातीने लिंपून टाकतो आणि आपली खिडकी आपणच बंद केली असे होते.

उकरण्याने झाडांचेही नुकसान होते आणि तेथे आमचा वेळ जातो. माती थर देऊन दाबलेली असते, मुळांनी ती बांधून धरलेली असते. एकदा ती मोकळी झाली की तोंडाचा भाग ढासळतो, कोळी दुसरीकडे खणू लागतो, झाडे आडवी होतात आणि ग्राहक पेटी पुन्हा लावून मागतात. पुन्हा लावणे म्हणजे कोळी बाहेर काढणे आले, तो तात्पुरत्या डब्यात ठेवणे आले आणि झाडे मूळ धरेपर्यंत थांबणे आले. या कामाचे आम्ही वेगळे शुल्क घेतो, ते याच कारणाने.

आमच्या पेट्या जड आणि थोड्या महाग का, असेही विचारले जाते. त्याचे उत्तर मातीत आहे. पूर्ण वाढलेल्या कोळ्यासाठी आम्ही किमान २० सेंटिमीटर खोल माती भरतो. ४५ बाय ३० सेंटिमीटरच्या पेटीत ती २७ लिटर होते आणि ओली असताना तिचे वजन ३० किलोच्या आसपास भरते. दिसायला सुबक अशा उथळ पेटीत नेचे व शेवाळ छान राहतात, परंतु बिळात राहणाऱ्या कोळ्याला तेथे घर करता येत नाही आणि तो कोपऱ्यात अस्वस्थ होऊन काचेवर चढत राहतो. मातीचा पृष्ठभाग आणि झाकण यांच्यातील अंतर आम्ही मुद्दाम कमी ठेवतो, कारण टॅरंटुलाचे पोट नाजूक असते व उंचावरून पडल्यास ते फुटू शकते. त्याच विचाराने झाकणाला धातूची जाळी न लावता छिद्रे पाडलेले ॲक्रिलिक लावतो. जाळीत कोळ्याची नखे अडकतात.

नागपूरकरांनी घरच्या कुंडीतील किंवा शेतातील काळी माती वापरू नये. कपाशीला ती कितीही मानवो, ओली झाली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. अशा मातीत बीळ टिकत नाही. आम्ही लाल माती, कोकोपीट आणि थोडी धुतलेली वाळू यांचे मिश्रण वापरतो. नुसते कोकोपीट हलके व भुसभुशीत असते, त्यामुळे आमच्या मिश्रणात त्याचा वाटा मातीपेक्षा कमी असतो. मूठभर मिश्रण दाबल्यावर लाडवासारखा गोळा बांधला जावा, परंतु बोटांतून पाणी निथळू नये, इतपत ओल पुरते. तीन-चार सेंटिमीटरचा एकेक थर घालून तो मुठीने दाबत जावे. शेवटी बोट खुपसून काढल्यावर पडलेले छिद्र जसेच्या तसे राहिले, तर माती जमली.

तळाशी खड्यांचा थर का नाही, हा आमच्यावरील नेहमीचा आक्षेप. केवळ झाडांच्या पेटीत तो थर योग्यच असतो आणि तेथे आम्हीही तो देतो. बिळाच्या पेटीत मात्र कोळी खणत खाली पोचला की खडे सुटतात व वरचे बीळ खचते. मध्ये जाळी घातली तर ती तो कुरतडतो किंवा तिच्यात अडकतो. म्हणून आम्ही खडे वगळून मागच्या कोपऱ्यात तळापर्यंत जाणारी एक बारीक नळी बसवतो. पाणी त्या नळीतून द्यावे, म्हणजे तळ ओलसर आणि वरचा थर जवळजवळ कोरडा राहतो, जसा तो जमिनीत असतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे सरकला की अनेकजण काळजीपोटी दिवसातून दोनदा वरून फवारणी करतात. त्याने वर बुरशी धरते आणि कोळी बसतो तो तळ कोरडाच राहतो. उन्हाळ्यात पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावी, कूलरच्या थेट झोतात ठेवू नये आणि नळीतील पाण्याचे प्रमाण थोडे वाढवावे, इतके पुरे. तापवणाऱ्या दिव्याची आपल्या शहरात गरज भासत नाही. डिसेंबर-जानेवारीतील थंड रात्री बंद खोली चालते.

झाडांमध्ये मनीप्लांट, सिंगोनियम आणि काचेवर चढणारा फायकस प्युमिला ही कणखर झाडे आम्ही मागच्या बाजूला व कोपऱ्यांत लावतो, म्हणजे मुळे माती धरून ठेवतात आणि बिळासाठी पुढची जागा मोकळी राहते. एखादे झाड कोळ्याने उपटलेच तर ते त्याच्या मर्जीवर सोडावे. बुरशी व उष्टे साफ करण्यासाठी आम्ही मातीत स्प्रिंगटेल (मातीत राहणारे अगदी बारीक जीव) सोडतो. मोठे आयसोपॉड (ओल्या मातीत राहणारे कवचधारी जीव) मात्र टाकू नयेत, कात टाकणाऱ्या कोळ्याला ते इजा करू शकतात. न खाल्लेला रातकिडाही त्याच कारणाने दुसऱ्या दिवशी काढून घ्यावा.

नर्सरीतून आणलेले झाड थेट पेटीत लावू नये, हे आम्ही पुन्हा सांगतो. त्यावर कीटकनाशक मारलेले असू शकते आणि काही औषधे झाडाच्या आत भिनून राहतात. जे औषध किडीला मारते ते कोळ्यालाही सोडत नाही. आमच्याकडील झाडे मुळे धुऊन, औषधविरहित मातीत काही आठवडे वाढवलेली असतात, म्हणून ती थोडी महाग पडतात. घरातील डासांची अगरबत्ती व फवारे, तसेच पावसाळ्यात वस्तीत होणारी धूरफवारणी यांबाबतही तीच काळजी घ्यावी: गाडीचा आवाज आला की पेटी आतल्या खोलीत न्यावी आणि दार लावून घ्यावे. घरात पकडलेले झुरळ कोळ्याला खाऊ घालू नये.

आम्ही कोळी विकत नाही आणि कोठून घ्यावा हेही सुचवत नाही. जंगलातून पकडून आणलेला कोळी घेऊ नये. ब्रॅकिपेल्मा आणि झाडांवर राहणारे पोसिलोथेरिया यांच्यासारखे काही टॅरंटुला सायटीसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) परिशिष्टात येतात आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करणे मालकावर बंधनकारक आहे. आपल्या कोळ्याची जात कोणती, हे खरेदीपूर्वी लेखी घ्यावे. आशिया व आफ्रिकेतील बिळात राहणारे कोळी चपळ असतात आणि त्यांचा दंश फार वेदनादायक ठरतो. पेटीतील कोणतेही काम लांब चिमट्यानेच करावे व घरातील लहान मुलांच्या हाती झाकणाची किल्ली देऊ नये.

शंका आल्यास माती तशीच ठेवून बिळाचे तोंड, पाण्याची बशी आणि काळ्या कागदामागची काच, अशी तीन छायाचित्रे आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवावीत. त्यासाठी शुल्क नाही. पेटी दुकानात आणायचीच असेल, तर कोळी आधी वेगळ्या, छिद्रे पाडलेल्या डब्यात काढून घरीच ठेवावा, आणि तो कात टाकण्याच्या बेतात असेल तर पेटी आणण्याचा विचार पुढे ढकलावा.